काळू-बाळू आणि तमाशातील सोंगाड्यांची जोडी

(जोहे येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

तमाशाच्या इतिहासलेखनात लावणीला आणि लावणी सादर करणाऱ्या स्त्रीकलावंताला जेवढी जागा मिळाली, तेवढी सोंगाड्याच्या वाट्याला आली नाही. आणि सोंगाड्यांच्या जोडीचा विचार तर फारच तुटकपणे झाला आहे. त्याचे एक कारण उघड आहे. लावणीचे शब्द वहीत उतरवता येतात, तिची चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तिचा कर्ता बहुधा शेवटच्या ओळीत स्वतःचे नाव गुंफून ठेवतो. याउलट सोंगाड्याचे बोलणे त्या गावापुरते, त्या रात्रीपुरते आणि समोर बसलेल्या त्या माणसांपुरते असते, आणि त्याची वही बहुधा नसतेच. एका सोंगाड्याची ही स्थिती असेल, तर दोन सोंगाड्यांमध्ये जे घडते, म्हणजे एकाच्या वाक्याचा शेवट आणि दुसऱ्याच्या वाक्याची सुरुवात यांच्यामधल्या क्षणात जे हसू जन्माला येते, ते कागदावर कसे टिकणार, हा प्रश्न अभ्यासकांना अडवीत आला आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यातल्या कवलापूर गावचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश संभाजी खाडे, म्हणजेच महाराष्ट्राच्या गावोगावी ‘काळू-बाळू’ या नावाने ओळखली गेलेली जोडी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. या जोडीने सोंगाड्यांच्या परंपरेत एक मूलभूत बदल घडवला, आणि तो बदल समजून घ्यायचा तर त्यांच्या कलेकडे छापील संहितेतून न पाहता प्रत्यक्ष प्रयोगातून पाहावे लागते, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

तमाशाची पारंपरिक मांडणी ठाऊक असल्याशिवाय हा बदल लक्षात येणार नाही. ढोलकी फडाचा तमाशा गणाने सुरू होतो. गण म्हणजे गणपतीचे स्तवन, आणि गणेशमूर्तींवर ज्याचे वर्ष उभे राहते अशा जोह्यासारख्या गावात त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. गणानंतर गौळण येते, जिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा खोडकर सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने स्त्रीवेषात साकारलेली मावशी यांचा संवाद रंगतो. गौळणीनंतर बतावणी. बतावणी हा दोघांमधला, क्वचित तिघांमधला, छोटा विनोदी प्रवेश असून त्याचा पुढच्या कथेशी संबंध असावाच असे बंधन नसते. त्याला आजच्या भाषेत स्वतंत्र प्रहसन किंवा ‘स्किट’ म्हणता येईल. एकजण काहीतरी विचारतो किंवा फुशारकी मारतो, दुसरा त्याचा भलताच अर्थ घेतो, पहिला चिडतो, दुसरा आणखी निरागस होतो, आणि मागे उभे असलेले झीलकरी, म्हणजे गाण्याचे पालुपद उचलून धरणारे साथीदार, मध्येच हुंकार देऊन किंवा प्रश्न विचारून त्या भांडणाला सरपण पुरवतात. त्यानंतर रंगबाजी, म्हणजे लावण्यांचा भाग, आणि मग पहाटेपर्यंत चालणारा वग, म्हणजे कथानाट्य. पहिला वग म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो तो ‘मोहना-बटाव’ 1865 चा, आणि तो सांगली जिल्ह्यातल्याच सावळजच्या मंडळींचा. म्हणजे काळू-बाळूंचे कवलापूर ज्या मुलखात आहे, त्या मुलखाला वगाची परंपरा पहिल्यापासूनची आहे.

बतावणीच्या या रचनेत दोघांचे स्थान सारखे नसते. फडाचा नाईक किंवा सरदार हा शहाणा, शुद्ध बोलणारा, जग पाहिलेला. सोंगाड्या हा खुळा, अडाणी, पण त्या अडाणीपणाच्या आडून खरे बोलणारा. नाईकाने चेंडू टाकायचा आणि सोंगाड्याने तो टोलवायचा, अशी ही वाटणी असल्यामुळे टाळी आणि हशा सोंगाड्याच्या पदरात पडे आणि नाईकाचे कौशल्य बहुधा कोणाच्या लक्षातही येत नसे. वास्तविक चेंडू टाकणाऱ्याचे काम अधिक अवघड असते. प्रश्न नेमक्या शब्दावर थांबला नाही, आवाज गरजेपेक्षा किंचितही चढला, तर पुढचे उत्तर कितीही चांगले असले तरी ते वाया जाते. या सहकलावंताला इतिहासात नाव मिळाले नाही, हा तमाशाच्या अभ्यासातला मोठा अन्याय आहे.

फडांच्या नावांकडे पाहिले तर मात्र वेगळे चित्र दिसते. तमाशाच्या फडांना जोडनावे देण्याची रीत जुनी आहे. नारायणगावच्या भाऊ-बापूंचा फड, ज्यातल्या बापूंची कन्या म्हणजे विठाबाई नारायणगावकर, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. कवलापूरच्या खाडे घराण्यात तर ही जोडनावांची परंपराच दिसते: आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा कवलापूरकर, आणि त्यानंतर संभाजींचे जुळे मुलगे काळू-बाळू. फड हा भावाभावांच्या भागीदारीवर उभा राहिलेला व्यवसाय होता, एकट्याच्या बळावर तो चालणे कठीण होते, आणि मालकी दोघांची असल्यामुळे रंगमंचावरही दोघांची नावे एका श्वासात घेतली जात, एवढे सरळ कारण यामागे आहे. परंतु आधीच्या अनेक जोडनावांमध्ये गाणारा एक, सोंग करणारा दुसरा, हिशेब सांभाळणारा तिसराच, अशी कामांची विभागणी असे. काळू-बाळूंच्या बाबतीत प्रथमच जोडनाव हे दोन सोंगाड्यांचे, दोन सारख्याच भूमिकांचे आणि दोन सारख्याच चेहऱ्यांचे झाले.

1933 साली जन्मलेले हे दोघे फडाच्या बिऱ्हाडातच वाढले. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाच्या दोन पोलिसांच्या भूमिका केल्या आणि त्या इतक्या लोकप्रिय झाल्या की लहू आणि अंकुश ही जन्मनावे मागे पडून भूमिकांची नावेच त्यांना कायमची चिकटली. पुढे फडही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. पात्राचे नाव नटाला मिळणे ही गोष्ट रंगभूमीवर अधूनमधून घडते. पात्रांच्या नावावर संपूर्ण संस्था उभी राहणे, तिच्या तंबूवर, भित्तिपत्रकांवर आणि गाड्यांवर तेच नाव असणे, हे मात्र विरळ आहे. पहिल्या विनोदी प्रवेशाची आठवण प्रेक्षकाच्या मनात किती खोल गेली असेल, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

या भूमिका पोलिसांच्याच का असाव्यात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वगाच्या दरबारात राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार ही पात्रे आधीपासून ठरलेली असत आणि त्यांतला हवालदार बहुधा सोंगाड्याच्या वाट्याला येई, कारण तो राजसत्तेचा सर्वांत खालचा आणि जनतेचा सर्वांत जवळचा माणूस. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या 1965 च्या लोकनाट्यात कोतवालाची रिकामी जागा, त्या जागेवर डोळा ठेवून असलेला हवालदार आणि त्याला डावलून आपला माणूस बसवणारा प्रधान, हाच कथेचा कणा आहे. पुढे 1975 च्या ‘पांडू हवालदार’ या चित्रपटात दादा कोंडके आणि अशोक सराफ यांनी दोन हवालदार रंगवले तेव्हाही तीच परंपरा पडद्यावर आली. गावातल्या माणसाला सरकार दिसते ते मंत्र्याच्या रूपात नव्हे. तलाठी, पोलिस पाटील आणि हवालदार यांच्या रूपात. त्यांच्याशी रोजचे काम पडते, त्यांच्यापुढे वाकावे लागते, आणि म्हणून त्यांच्यावर हसण्याची गरजही सर्वांत मोठी असते. रोह्यात दसऱ्याच्या वेळी निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिस सशस्त्र मानवंदना देतात, हे या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोलिसी गणवेशाविषयीचा तो आदर आणि तमाशाच्या तंबूतले ते हसू ही एकाच समाजमनाची दोन रूपे आहेत, आणि जेथे गणवेशाला खरोखर मान असतो तेथेच त्या गणवेशातला गबाळेपणा हसवू शकतो.

काळू-बाळूंचे पोलिस क्रूर नव्हते. ते बावळट, आळशी, एकमेकांवर जबाबदारी ढकलणारे आणि वरिष्ठ आला की एकदम ताठ होणारे होते. सत्तेचा गणवेश अंगावर आणि सत्तेचा मागमूसही अंगात नाही, या विसंगतीवर त्यांचा विनोद उभा होता. याच ठिकाणी वर सांगितलेला मूलभूत बदल घडला. नाईक आणि सोंगाड्या यांच्यातली शहाणा आणि खुळा ही उतरंड त्यांनी मोडली आणि दोघेही खुळे, दोघेही आपापल्या मते शहाणे, अशी समपातळीची जोडी उभी केली. एकाने चूक करायची आणि दुसऱ्याने ती सुधारायला जाऊन तिच्यापेक्षा मोठी चूक करायची, हा या जोडीचा खास मार्ग. त्याची कल्पना यावी म्हणून नमुन्यादाखल एक प्रसंग रचून पाहता येईल. फौजदार विचारतो, “रात्री गस्तीला कोण होतं?” एक दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, “ह्यो व्हता.” “आणि तू?” “म्या ह्याच्यावर नजर ठिवून व्हतो, झोपतोय का काय म्हणून.” “मग चोर?” यावर दुसरा तत्परतेने उत्तरतो, “त्यो आम्हा दोघांवर नजर ठिवून व्हता, साहेब.” या उत्तरात पहिल्याची अडचण सोडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि नेमक्या त्या प्रामाणिकपणामुळे दोघेही अधिक खोल अडकतात. जुन्या बतावणीत शेवटचे वाक्य सोंगाड्याने नाईकावर केलेली मात असे. येथे मात कोणाचीच होत नाही, दोघांचाही एकत्र पराभव होतो, आणि प्रेक्षक त्या पराभवात स्वतःला ओळखतो.

जुळेपणाने यात नेमके काय घातले, याचा विचार काळजीपूर्वक करायला हवा, कारण येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जगाच्या नाट्यवाङ्मयात जुळ्यांचा उपयोग बहुधा ओळखीच्या घोटाळ्यासाठी झाला आहे; प्राचीन रोममधल्या प्लॉटसपासून शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’पर्यंत सर्वत्र प्रेक्षकाला दोघे आहेत हे माहीत असते आणि पात्रांना मात्र एकच वाटतो. काळू-बाळू पोलिसांच्या वेषात शेजारी शेजारी उभे राहत, त्यामुळे या घोटाळ्याला फारशी जागाच नव्हती. त्यांच्या दर्शनाने येणारे हसू वेगळ्या जातीचे होते. फ्रेंच विचारवंत पास्कल याने नोंदवले आहे की दोन सारखे चेहरे, जे एकेकटे पाहिले तर हसवत नाहीत, ते एकत्र पाहिले की त्यांच्या सारखेपणानेच हसू येते. आणि आंरी बर्गसाँ याने हास्यावरच्या आपल्या 1900 सालच्या ग्रंथात त्याचा उलगडा करताना म्हटले की सजीवात पुनरावृत्ती दिसली की त्यामागे यंत्र असल्याचा भास होतो, आणि सजीवावर यंत्राची छाया पडणे हेच हास्याचे मूळ होय. गणवेश हाही माणसांना एकसारखे करणारा यांत्रिक घटकच आहे, त्यामुळे एकाच चेहऱ्याच्या दोन माणसांना एकच गणवेश चढवणे म्हणजे बर्गसाँच्या सिद्धान्ताला तंबूच्या कनातीआड मिळालेले प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल.

परंतु या सिद्धान्ताने पहिल्या दोन मिनिटांचा हशा समजतो, रात्रभराचा समजत नाही. सारखेपणाची गंमत लवकर संपते. ती संपल्यानंतर ज्यांनी पहाटेपर्यंत लोकांना जागेवर बसवून ठेवले, त्यांच्याजवळ आणखी काहीतरी होते. ते काय होते हे जोहे आणि हमरापूरच्या कारखान्यांतल्या माणसांना समजावून सांगावे लागणार नाही. एकाच साच्यातून काढलेल्या दोन मूर्ती कच्च्या असताना तंतोतंत सारख्या दिसतात, आणि डोळ्यांची आखणी झाली की एक मूर्ती प्रसन्न होते, दुसरी गंभीर होते, आणि कसबी हाताला तर कोणती आखणी कोणाची तेही दुरून ओळखता येते. काळू-बाळूंनी निसर्गाने दिलेल्या साच्यावर अशीच आखणी केली होती: एकाची अधीरता आणि दुसऱ्याची सुस्ती, एकाचा चढा सूर आणि दुसऱ्याचा खालचा. भेद जितका सूक्ष्म तितका तो शोधण्यात प्रेक्षक गुंतत जातो, आणि ठळक भेद असलेल्या जाड्या-रड्याच्या जोडीत जे एका नजरेत संपते ते येथे तासन्‌तास पुरते.

ब्रिटनमधील विनोदी जोड्यांचा इतिहास येथे उपयोगी पडतो, कारण तिकडेही हीच उतरंड आणि तिचे मोडणे घडलेले आहे. तेथल्या जुन्या करमणूकगृहांत, ज्यांना ‘म्युझिक हॉल’ म्हणत, दोघांच्या सवालजवाबाचा एक ठरलेला प्रकार होता, ज्यात एकजण गंभीर चेहऱ्याने प्रश्न करी आणि दुसरा हास्य मिळवी. म्हणजे आपल्या नाईक आणि सोंगाड्याचीच ही सागरापलीकडची भावंडे. एरिक मोरकम आणि अर्नी वाइज ही जोडी या परंपरेतून आली, लहान वयापासून नाट्यगृहांतून फिरत घडली, आणि सुरुवातीला एरिक हसवणारा आणि अर्नी त्याला प्रश्न पुरवणारा अशीच त्यांची वाटणी होती. पुढे बीबीसी दूरचित्रवाणीसाठी एडी ब्रेबन हे त्यांचे लेखक झाले आणि त्यांनी अर्नीला स्वतःच्या सुमार नाटकांवर नितांत प्रेम असलेला आत्मसंतुष्ट नाटककार बनवले. त्यामुळे शहाण्याची जागा रिकामी झाली, दोघेही आपापल्या भ्रमात जगणारे झाले, आणि त्यांच्यातले प्रेम प्रेक्षकाला दिसू लागले. 1977 पर्यंत बीबीसीवर चाललेल्या त्यांच्या कार्यक्रमांनी ब्रिटनमधल्या घराघरांत जागा मिळवली. या दोन्ही देशांतल्या कलावंतांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि तरीही दोन्हीकडे जोडी परिपक्व झाली ती शहाण्याचे आसन काढून टाकल्यावरच. कवलापूरच्या भावांना त्यासाठी लेखकाची मदत लागली नाही. एकाच चेहऱ्याचा एक भाग शहाणा आणि एक भाग खुळा ठरवणे अशक्य होते, म्हणून त्यांच्या देहानेच तो प्रश्न सोडवला.

तरीही एक मोठा फरक उरतो, तो प्रयोगाच्या परिस्थितीचा. ब्रिटिश जोडीला दीड-दोन तासांचा कार्यक्रम, बंद नाट्यगृह, दिव्यांची योजना आणि शांत बसलेला प्रेक्षक मिळत असे. तमाशाच्या फडाला दसरा-दिवाळीपासून वैशाखापर्यंत रोज नवे गाव गाठायचे असते. ट्रकमधून तंबू, कनाती, पेट्या, वाद्ये आणि माणसे हलवायची, दुपारी तंबू उभारायचा, रात्री खेळ करायचा आणि पहाटे पुन्हा सगळे गुंडाळायचे. तिकीट लावून केलेला तंबूतला खेळ आणि जत्रेच्या समितीने सुपारी देऊन, म्हणजे आगाऊ रक्कम ठरवून, उघड्या मैदानावर करविलेला खेळ, असे त्याचे दोन प्रकार असतात, आणि पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात राहुट्या टाकून बसलेले फडमालक गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावच्या पंचांशी हे सौदे करतात. जत्रेतल्या प्रेक्षकाने पैसे मोजलेले नसतात, तो केव्हाही उठून पाळण्याकडे किंवा भेळीच्या गाडीकडे जाऊ शकतो, त्याच्या मांडीवर मूल झोपलेले असते, मागे कोणी आरोळी देतो, आणि त्या आरोळीला उत्तर देता आले नाही तर सोंगाड्याचा त्या गावापुरता निकाल लागतो. अशा ठिकाणी जोडीचा फायदा फार मोठा असतो. एकजण आरोळीला उत्तर देत असताना दुसरा कथा धरून ठेवतो; एकाला शब्द सुचला नाही तर दुसरा ढोलकीवाल्याकडे पाहतो, ढोलकीवर एक थाप पडते आणि तेवढ्या अवकाशात पुढचे वाक्य मिळते. ढोलकी हा या जोडीतला तिसरा भिडू होता असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

रात्रभराचा वग हा या विनोदाचा श्वास होता. घाईने विनोद सांगण्याची गरज नसल्यामुळे एखादी चूक पहिल्या प्रवेशात पेरून ती पहाटेच्या प्रवेशात उगवलेली दाखवता येई. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आल्यापासून ही मोकळीक गेली. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम 2000 साली लागू झाले आणि त्यांचा सर्वांत मोठा फटका वगाला बसला. दहाच्या आत सर्व आटोपायचे म्हटल्यावर गण आणि गौळण आखूड झाली, बतावणी आणखी लहान झाली, आणि वगाची जागा पुष्कळ ठिकाणी चित्रपटगीतांवरच्या नाचांनी घेतली. शांततेचा हक्क आणि रात्रीच्या झोपेचा हक्क खरा आहे, आजारी माणसाला तंबूचा आवाज नको असतो हेही खरे आहे. परंतु एखाद्या कलाप्रकाराचे आयुष्यच ज्या वेळेवर अवलंबून आहे, ती वेळ काढून घेताना त्याच्यासाठी दुसरी व्यवस्था करण्याचा विचार व्हायला हवा होता, आणि तो पुरेसा झाला नाही.

सोंगाड्यांची जोडी शहरी नाट्यगृहात नेण्याचे श्रेय लोकनाट्याला द्यावे लागते. लोकनाट्य म्हणजे तमाशाचा आकार ठेवून, पण लेखकाने लिहिलेल्या संहितेवर आणि समकालीन आशयावर उभे केलेले नाटक. अण्णाभाऊ साठे यांनी लाल बावटा कलापथकातून ते कामगारवस्तीत नेले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी ते मध्यमवर्गापर्यंत पोहोचवले. त्याच कलापथकांतून निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके हे कलावंत आले. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने निळू फुल्यांना नाव दिले, आणि ‘विच्छा’मध्ये दादा कोंडके आणि राम नगरकर एकत्र आले. ‘विच्छा’चा प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीत बसणारा होता, तरीही दादांनी आपली जत्रेतली मोकळीक सोडली नाही, ताज्या राजकारणावरची त्यांची टिप्पणी प्रयोगागणिक बदलत असे, आणि म्हणून एकच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत असे. दादांची लोकप्रियता चित्रपटांनी देशभर नेली, राम नगरकरांनी ‘रामनगरी’ हे आत्मकथन लिहून पुढे त्याचे एकपात्री प्रयोग केले, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. याच काळात ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी ही जोडी गाजत होती, जिच्यात स्त्री ही केवळ विनोदाचा विषय न राहता विनोदाची बरोबरीची भागीदार झाली, या जोडीवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे.

तमाशातल्या विनोदाविषयीचा एक आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हा विनोद पुष्कळदा ओंगळ झाला, स्त्रीच्या देहावरच्या कोट्यांवर त्याने वेळ मारून नेली, व्यंग असलेल्या माणसाला त्याने हसण्याचा विषय केला. आणि हे सर्व लोककला म्हणून माफ करता येत नाही. परंतु ज्या जोडीजवळ एकमेकांवर हसण्याचे सामर्थ्य असते, तिला तिसऱ्याला खाली पाडण्याची गरज कमी पडते, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. काळू-बाळूंच्या पोलिसांमध्ये हास्याचे लक्ष्य ते स्वतःच होते, आणि घरातल्या बाईमाणसांसह तंबूत येऊन बसणाऱ्या प्रेक्षकांत त्यांनी मिळवलेल्या स्थानाचे एक कारण तेथे सापडते. दूरचित्रवाणीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारख्या कार्यक्रमांत समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांच्यासारख्या जोड्यांनी बतावणीचा आकार नव्या पिढीपुढे आणला, ही आनंदाची गोष्ट आहे, मात्र काही मिनिटांच्या प्रहसनात जे बसते त्यालाच लोक आता संपूर्ण बतावणी समजू लागले, तर पहाटेपर्यंत वाढत जाणाऱ्या हास्याची कल्पनाही उरणार नाही.

जतनाच्या बाबतीत तर संपन्न संस्थांकडूनही अक्षम्य चुका झाल्या आहेत. पीटर कुक आणि डडली मूर या ब्रिटिश जोडीची ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ ही मालिका बीबीसीने 1965 मध्ये, म्हणजे ‘विच्छा’ रंगमंचावर आली त्याच वर्षी, सुरू केली; आणि पुढे त्याच संस्थेने फिती पुन्हा वापरण्यासाठी तिचा बराचसा भाग पुसून टाकला. तमाशाच्या फडाकडे पुसण्यासाठीही फीत नव्हती. ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी काही प्रमाणात आहेत, त्यांचे मोल मोठे आहे, पण त्यांत दिसणे नाही, दोघांमधले अंतर नाही, प्रेक्षकांकडे टाकलेली नजर नाही. लहू खाडे यांचे 2011 मध्ये निधन झाले आणि ती जोडी तिच्या मूळ रूपात कायमची संपली. रुस्तुम अचलखांब यांच्या ‘तमाशा लोकरंगभूमी’सारख्या ग्रंथांनी फडाच्या आतल्या जीवनाचा अभ्यास सुरू करून दिला आहे, त्यापुढचे काम म्हणजे एकेका जोडीच्या एकेका प्रवेशाची, त्यातल्या थांब्यांसह आणि ढोलकीच्या थापांसह, नोंद करणे. हे काम विद्यापीठांवर सोपवून भागणार नाही, कारण त्याची साधने विद्यापीठात नाहीत. ती त्या माणसांच्या स्मरणात आहेत ज्यांनी हे खेळ जमिनीवर बसून पाहिले.

पेण-रोह्याच्या परिसरातून कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरणगावात गेल्या, तेथे त्यांनी लालबाग-परळच्या थिएटरांत आणि गावी परतल्यावर जत्रांत तमाशे पाहिले. भाद्रपद सरल्यावर मूर्तिकारांच्या हाताला थोडी उसंत मिळते आणि दसऱ्यापासून फडांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे या भागातल्या कारागिराला आणि तमाशाला एकमेकांची सवड कायम जुळत आली. ज्यांनी काळू-बाळूंना पाहिले असे वृद्ध प्रेक्षक अजून अनेक घरांत आहेत. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी हातातल्या मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. कोणता वग, कोणते गाव, कोणाच्या कोणत्या वाक्यावर हशा आला आणि ते वाक्य कसे उच्चारले गेले, हे त्यांना करून दाखवायला सांगावे, आणि ती ध्वनिमुद्रिते गावच्या वाचनालयात तारीख आणि ठिकाणासह ठेवावीत. या कामाला पैसा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. ते येत्या दसऱ्याच्या आत सुरू व्हावे, अशी श्रोत्यांना आणि वाचकांना विनंती आहे.